कृपया बोट लावू नये

राजेंद्र मयेकरला माशा खाणाऱ्या झाडांचं वेड लागलं तेव्हा त्याच्या बायकोने, स्वप्नाने, कपाळाला हातसुद्धा लावला नाही. हाताला फुरसत नव्हती आणि कपाळाला सवय झाली होती. त्याआधी त्याने लावे पाळले होते. ते मांजराने खाल्ले. मग काचेच्या टाकीत रंगीत मासे आणले. मिरकरवाड्यात, ऐन मासळी बंदरावर राहणाऱ्या माणसाने पैसे मोजून, खाता न येणारे मासे घरी आणावेत, हे बघायला अख्खी गल्ली येऊन गेली. शेजारची हौसा टाकीच्या काचेला नाक लावून म्हणाली, "राजा, ह्यांचं कालवण तरी किती होणार रे?" त्यानंतर गच्चीवर ड्रॅगनफ्रूट झालं. त्याला काटे भरपूर आले.

माणूस तसा वाईट नव्हता. खंडूशेठच्या बर्फाच्या कारखान्यात मशीनवर सुपरवायझर होता, दारू पीत नव्हता, कुणाच्या अध्यात नव्हता. पण कुठलीही गोष्ट हातात आली की आठवड्याभरात तिच्यावर भाषण द्यायला लागायचा. लाव्यांच्या वेळी तो अंड्यांतल्या प्रथिनांवर बोलायचा. माशांच्या वेळी पाण्याच्या आम्लतेवर. ऐकणारे ऐकून घ्यायचे, कारण बर्फ त्याच्याच हातून सुटायचा.

पहिल्यांदा त्याने मोबाइलवरून बिया मागवल्या. जाहिरातीतल्या चित्रात लालबुंद जबडा होता, जबड्याला दात होते आणि दातांत माशी होती. बिया त्याने आइस्क्रीमच्या डब्यात पेरल्या, वर प्लॅस्टिक ताणलं आणि दिवसातून दहा वेळा वाकून बघू लागला. रोपं आली. पानं लाल होती, त्यामुळे तो हुरळला. "आता जबडे फुटतील," तो सगळ्यांना सांगायचा. जबडे काही फुटेनात. शेवटी एक दिवस हौसाने एक पान खुडलं, चावून बघितलं आणि थंडपणे सांगितलं, "माठ आहे हो हा."

लाल माठच होता. स्वप्नाने लसूण घालून त्याची भाजी केली आणि वाढताना म्हणाली, "जपून खा हं. चावेल."

दुसरा एखादा इथे थांबला असता. राजेंद्रने बंगळूरच्या एका नर्सरीतून खरं झाड मागवलं, व्हीनस फ्लायट्रॅप. खोक्यात कागद, कागदात ओलं शेवाळ, शेवाळात बोटभर उंचीचा हिरवा पुंजका. पानांच्या टोकांना छोटे छोटे शिंपले असावेत तसे जबडे, कडेला पापण्यांसारखे केस. स्वप्नाने चष्मा पुसून बघितलं.

"हे? हे खाणार माशा? ह्यालाच माशी उचलून नेईल."

"आकारावर जाऊ नकोस," राजेंद्र म्हणाला. "आतमध्ये बारीक केस असतात. माशीने एकदा स्पर्श केला तर काही नाही. लगेच दुसऱ्यांदा केला की खटकन बंद. म्हणजे झाडाला मोजता येतं."

"बरं झालं. घरात कुणाला तरी येतंय."

मग सुरू झाली त्या झाडाची बडदास्त. त्याला माती चालत नव्हती, खत चालत नव्हतं, नळाचं पाणी चालत नव्हतं, विहिरीचं तर नावच नको. त्यातल्या क्षारांनी मुळं जळतात म्हणे. चालत होतं फक्त पावसाचं, नाहीतर एसीच्या नळीतून ठिबकतं ते. पाऊस संपला होता आणि मयेकरांच्या घरात एसी नव्हता. म्हणून राजेंद्र संध्याकाळी मारुती मंदिरापाशी एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे कॅन लावून स्कूटरवर बसायचा. आत जायला घाबरलेला पेशंट समजून एक-दोन म्हाताऱ्यांनी त्याला धीरही दिला.

हिवाळ्यात तर कळस झाला. त्या झाडाला थंडीत झोपायची सवय, आणि रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरवर. स्वप्ना सोड्यांचा डबा काढायला फ्रिजकडे गेली, तर दह्याच्या पातेल्याशेजारी कुंडी.

"अहो! हे काय?"

"झोपलंय ते. दोन महिने हलवू नकोस."

"मला मे महिन्यात झोपवाल का असं? मीसुद्धा हलवू देणार नाही कुणाला."

स्वप्नाला बोलायला कारण होतं. ती सुकी मासळी करायची: बांगडे, सोडे, जवळा. पहाटे लिलावात माल घ्यायचा, धुवायचा, मीठ लावायचं, बांबूच्या मांडवावर वाळत घालायचा, कावळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि आठवड्याच्या बाजाराला पालीला नेऊन विकायचा. गच्ची तिची होती. त्या गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात हळूहळू नवऱ्याच्या कुंड्यांची रांग लागली. पाण्याने भरलेले पेले लटकवणारी घटपर्णी आली. केसांवर चिकट थेंब बाळगणारं, लाल पानांचं दवबिंदू आलं. फ्लायट्रॅपची आणखी चार रोपं आली. आणि त्यांच्यामागून माणसं आली.

ही माणसं त्या झाडांपेक्षा बघण्यासारखी होती. कुणी म्हणून शांतपणे उभं राहून बघितलं नाही. प्रत्येकाला बोट घालायचं होतं. गॅसवाला, दापोलीहून आलेली आतेबहीण, पोथी वाचायला आलेले गुरुजी, सगळ्यांनी त्या जबड्यात बोट घालून ते मिटताना बघितलं आणि "अय्या" केलं. राजेंद्र समजावून थकला. जबडा उगीच मिटला तर झाडाची ताकद जाते. उघडायला त्याला दिवस लागतो. असं तीन-चार वेळा झालं की ते पान काळं पडून मरतं. लोक मान डोलावून ऐकायचे आणि दुसऱ्या जबड्यात बोट घालायचे. शेवटी त्याने पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "कृपया बोट लावू नये." ज्यांच्या डोक्यात आलं नव्हतं त्यांनाही त्यामुळे सुचलं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर बंदरावर माशा झाल्या. मासळीच्या गावात माशा असतातच, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. पण ह्या वेगळ्या होत्या. जेवणाच्या ताटावर काळी चादर पडावी अशा. कारण कुणापासून लपलेलं नव्हतं. खंडूशेठच्या बर्फाच्या कारखान्यामागे त्याची एक शेड होती. ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारीक, चेंगरलेली, कुणी घेत नाही अशी मासळी तिथे टाकायचे. मग ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी लॉरीने बाहेर जायची. लॉरीवाल्याशी शेठचं काहीतरी बिनसलं आणि लॉरी यायची थांबली. मासळी यायची थांबली नाही. ढीग वाढत गेला, वरून ताडपत्री टाकली गेली, आणि ताडपत्रीखाली जे व्हायचं ते झालं.

स्वप्नाच्या मांडवावर माशा बसू लागल्या. जाळी टाकली तर जाळीवर बसायच्या. पालीच्या बाजारात एक जुनं गिऱ्हाईक, मास्तरीणबाई, बांगडा उलटून नाकाशी नेत म्हणाल्या, "स्वप्ना, ह्यात अळ्या नाहीत ना गो?" इतक्या वर्षांत स्वप्नाला असं कुणी विचारलं नव्हतं. ती घरी आली आणि राहिलेला माल तिने रागाने समुद्रात ओतला.

बायका मिळून खंडूशेठकडे गेल्या. खंडूशेठ म्हणजे चार ट्रॉलर, बर्फाचा कारखाना, गळ्यात बोटाएवढी चेन आणि दर गणपतीला दर्शनी भागात स्वतःचा फोटो. 'सागरसखा प्रतिष्ठान' नावाची त्याची एक संस्थाही होती. ती वर्षातून एकदा वह्या वाटायची आणि उरलेलं वर्षभर वह्या वाटल्याचे फोटो. शेठने बायकांना खुर्च्या दिल्या, सरबत दिलं आणि "बघतो" म्हणाला.

ढिगाकडे बघण्यापेक्षा त्याने आपल्या पुतण्याकडे बघितलं. पुतण्या हितेश मोबाइलवर रील बनवायचा आणि त्यालाच काम म्हणायचा. त्याला राजेंद्रची गच्ची आठवली.

दुसऱ्या दिवशी खंडूशेठने राजेंद्रला ऑफिसात बोलावून घेतलं. हितेश बाजूलाच बसला होता.

"राजा, तुझी झाडं माशा खातात ना?"

"खातात शेठ."

"मग झालं तर! 'माशीमुक्त बंदर अभियान'. रविवारी लिलावाच्या शेडमध्ये उद्घाटन. तू स्टेजवर. पाहुणे येतायत."

राजेंद्र चुळबुळला. खरं सांगायची त्याला सवय होती, निदान झाडांच्या बाबतीत. "शेठ, पण एक झाड आठवड्याला दोन-तीन माशा खातं. बंदराला काय पुरणार? म्हणजे बंदरभर झाडं लावली तरी..."

"हे तू पाहुण्यांना सांगणारेस का?"

"नाही, तुम्हाला सांगतोय."

"मला सांगून झालं," खंडूशेठ म्हणाला. "हितेश, बॅनरवर ह्याचं नाव टाक. नुसतं नको. पुढे काहीतरी लाव."

हितेशने 'वनस्पतीतज्ज्ञ' लावलं.

तिथे राजेंद्र विरघळला. आयुष्यात त्याच्या नावापुढे कधी काही लागलं नव्हतं. घरी येऊन त्याने निळा शर्ट इस्त्रीला दिला आणि कुंड्यांना पांढरा रंग फासायला बसला. स्वप्ना मांडवावरचे बांगडे उलटत होती.

"तुम्हाला ठाऊक आहे ना माशा कुठून येतायत?"

"ठाऊक आहे."

"शेठलाही ठाऊक आहे?"

"असेल."

"मग तिथे जाऊन तुम्ही नक्की काय करणार?"

राजेंद्रने ब्रश पाण्यात बुडवला. "लोकांना ह्या झाडांची माहिती मिळेल. एवढी मोठी संधी परत कधी येणार?"

"ढीग त्याचा, माशा आमच्या, आणि झाडं तुमची," स्वप्ना म्हणाली. "त्याच्या घाणीवर तुमच्या कुंड्या ठेवून फोटो काढणार. आणि तुम्ही शर्ट इस्त्रीला दिलात!" तिने बांगडा असा आपटला की मांडव हलला. "माठ पेरलात तेव्हा मी हसले. आता हसायलासुद्धा येत नाही मला."

रविवारी सकाळी लिलावाची शेड पाण्याने धुतली होती. तेवढेच हात ढिगाला लावले असते तर अभियान लागलंच नसतं. स्टेजवर सोफे, सोफ्यांवर पाहुणे, पाहुण्यांवर हार आणि हारांवर माशा. समोर टेबलावर पांढऱ्या कुंड्या मांडल्या होत्या. मागे बॅनर होता. त्यावर खंडूशेठ टेबलाएवढा, झाड ताटाएवढं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'वनस्पतीतज्ज्ञ रा. मयेकर'. खुर्च्या भराव्यात म्हणून बंदरावरच्या बायकांना बोलावलं होतं. स्वप्ना येणार नव्हती. हौसा तिला ओढून घेऊन आली. दोघी मागच्या रांगेत बसल्या.

भाषणं सुरू झाली. एका पाहुण्याने रत्नागिरीच्या भूमीला वंदन केलं. दुसऱ्याने निसर्ग हाच खरा गुरू असल्याचं जाहीर केलं आणि बोलता बोलता समोरच्या पेढ्यावरून माशी हाकलली. मग खंडूशेठ उठला आणि म्हणाला, आता आपण प्रत्यक्ष बघू.

पाहुणे टेबलाभोवती जमले. हितेश मोबाइल घेऊन पुढे सरसावला. "साहेब, जरा बोट लावा ना. हां, एकदम क्लोजअप येईल." साहेबांनी बोट लावलं. जबडा मिटला. टाळ्या पडल्या. पाहुण्यांतल्या मॅडमनी लावलं. टाळ्या. लाइट नीट नव्हता म्हणून हितेशने दुसरा जबडा स्वतः पेनाने मिटवला, मग तिसरा. एका पाहुण्याने पेढ्याचा तुकडा मोडून आत टाकला, "घे बाबा, आमच्याकडून नैवेद्य." दुसऱ्याने दवबिंदूच्या चिकट पानावरून अंगठा फिरवला आणि तो रुमालाला पुसला. घटपर्णीचा पेला उलटा करून आत काय आहे ते कुणीतरी बघितलं. आतला मेलेल्या मुंग्यांचा रस टेबलावर सांडला आणि मॅडम किंचाळून मागे सरल्या.

राजेंद्र हातात माइक घेऊन उभा होता. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. त्याने आदल्या रात्री आरशासमोर पाठ केलेलं भाषण होतं, 'निसर्गाची किमया' असं सुरू होणारं. पण त्याच्या डोळ्यांसमोर एकेक जबडा मिटत होता, आणि कुठल्याच जबड्यात माशी नव्हती. वर्षभर ज्या पानांना त्याने दवाखान्यामागचं थेंब थेंब पाणी घातलं होतं, ती सगळी पाचेक मिनिटांत रिकामी मिटली होती. एकच मोठा जबडा उघडा उरला होता. त्याच्याकडे खंडूशेठचं अंगठी घातलेलं बोट निघालं.

"बोट काढा," राजेंद्र म्हणाला.

माइक चालू होता. शब्द शेडभर घुमले. खंडूशेठने हसून वर बघितलं, त्याला वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. बोट पुढे आलं.

"शेठ, बोट काढा! कितीदा सांगायचं? मरतात ती!"

हितेशचा मोबाइल तसाच वर राहिला.

"बोट घालायचंच असेल," राजेंद्रचा आवाज चिरकला, "तर तुमच्या शेडमागच्या ढिगात घाला. माशा तिथून येतात. ह्या झाडांचं काय घेऊन बसलात? ही आठवड्याला दोन माशा खातात. दोन! मी तुम्हाला सांगितलं होतं!"

एका पाहुण्याने, सवयीने, टाळी वाजवली आणि मग हात मांडीखाली घेतले. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं. ती स्वप्ना होती. आतापर्यंत ती नवऱ्याला हसत आली होती, वर्षानुवर्षं. आज तिचं हसणं त्याच्या अंगावरून पुढे जाऊन सोफ्यांवर पडत होतं. हौसा हसली. मग बायकांची अख्खी रांग. खंडूशेठ माइक घ्यायला वळला, पण राजेंद्रने तो पेढ्यांच्या ताटात ठेवला होता आणि तो कुंड्या गोळा करत होता. सगळ्या हातात मावेनात. स्वप्ना उठली, खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर चढली, मासळीची टोपली धरावी तशा दोन कुंड्या कमरेवर घेतल्या आणि पाहुण्यांकडे ढुंकूनही न बघता खाली उतरली.

घरी येऊन गच्चीवर कुंड्या ठेवल्यावर ती म्हणाली, "शर्टावर रस सांडलाय मुंग्यांचा. काढा, भिजत घालते."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने राजेंद्रला आत सोडलं नाही. शेठने सांगितलंय, आता गरज नाही. राजेंद्र परत आला आणि झाडांपुढे पाटावर बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटांनी आधीच थकलेले जबडे चार दिवसांत एकामागून एक काळे पडले. पेढा टाकलेला सगळ्यांत आधी कुजला. नोकरी गेल्याचं त्याने कुणापाशी काढलं नाही. पेढ्याचं मात्र येईल त्याला सांगत बसला. "साखर! झाडाला साखर घातलीन त्या माणसाने!" नोकरी गेलेल्या माणसाचं सांत्वन करायला आलेले लोक गोंधळून परत जायचे.

स्वप्ना तिकडे वेगळ्याच कामाला लागली होती. सकाळच्या लिलावात खंडूशेठच्या ट्रॉलरची बारीक मासळी आली, मांदेली, जवळा, छोटे बांगडे. पुकारणाऱ्याने भाव पुकारला. बायका समोर टोपल्या घेऊन बसल्या होत्या. कुणी तोंड उघडलं नाही. त्याने भाव उतरवला. हौसाने पदर झटकला आणि दुसऱ्या बोटीकडे तोंड करून बसली. मोठी मासळी, कोळंबी, म्हाकूल, एक्सपोर्ट कंपनीवाले नेहमीप्रमाणे घेऊन गेले. त्याचं शेठला काही नुकसान झालं नाही. पण बारीक माल पडून राहिला, आणि बारीक माल पडून राहिला की तो जायचा एकाच ठिकाणी.

ढीग झपाट्याने चढला. ताडपत्री पुरेना. मग वारा फिरला आणि त्याने बंदरावरचा वास उचलून, टेकाडावर बांधलेल्या खंडूशेठच्या तीन मजली बंगल्यात नेऊन सोडला. नेमकं त्याच आठवड्यात कोल्हापूरहून शेठच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. शेठच्या बायकोने उदबत्त्या लावल्या, फिनेल ओतलं, आणि शेवटी शेठला जे काही सुनावलं ते खिडक्या बंद असूनही शेजाऱ्यांना ऐकू गेलं.

संध्याकाळी हितेश मयेकरांच्या दारात आला. चपला काढून, मोबाइल खिशात ठेवून.

"काकी, काकांनी लिलावाचं जरा सांगितलंन..."

"कुणाला?"

"तुम्हाला. म्हणजे, तुम्ही सगळ्यांनी माल घ्यायला सुरुवात केलीत तर बरं होईल."

स्वप्ना सोडे पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही. "माशा बसतात रे बाबा मालावर. घेऊन काय करू? झाडं होती खायला, तीही तुम्ही पेढे भरवून मारलीत."

"ढीग उचलतो म्हणालेत काका. परवा लॉरी लागतेय."

"परवा उचलला की तेरवा आम्ही बसू लिलावाला."

हितेश घुटमळला. "आणि राजूकाकांना परत कामावर या म्हणून सांगितलंय."

आतून राजेंद्र उठून दारापर्यंत आला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. स्वप्ना त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ते नाही यायचे."

हितेश गेल्यावर राजेंद्र चिडला. "मला न विचारता कसं सांगितलंस?"

"जायचंय तुम्हाला?"

तो उंबऱ्यावर बसला. "नाही. पण मी स्वतः सांगितलं असतं."

"तुम्ही आधी पाच मिनिटं बर्फावर बोलला असतात," स्वप्ना म्हणाली आणि सूप आपटलं.

लॉरी आली. ढीग कुठल्या गावाच्या वाट्याला गेला हे विचारायची तसदी मिरकरवाड्यात कुणी घेतली नाही; आपल्या नाकासमोरचं गेलं की काम झालं. माशा कमी झाल्या, नेहमीच्या उरल्या. पालीच्या मास्तरीणबाई परत बांगडे घेऊ लागल्या, वर "मी तर कधी शंका घेतली नव्हती" म्हणाल्या. महिन्याभरात बंदराच्या तोंडाशी नवा फलक लागला: 'माशीमुक्त बंदर, खंडूशेठ यांच्या अथक प्रयत्नांतून साकार.' त्यावर राजेंद्रच्या झाडाचा फोटो होता, साहेबांचं बोट आत असलेला. कोल्हापूरच्या पाहुण्यांनी मुलीला होकार दिला. राजेंद्रची सगळी झाडं पावसाळ्यापर्यंत मेली.

त्याला पुढे जयगडकडच्या एका लहानशा बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. जाऊन-येऊन बराच वेळ एसटीत जायचा. पगार थोडा कमी होता आणि मालक त्याचं बोलणं ऐकून घ्यायचा नाही. त्यामुळे घरी आल्यावर स्वप्नाला सगळं ऐकावं लागायचं.

श्रावण सरल्यावर एका सुट्टीच्या दिवशी तो तिला म्हणाला, "चल, एक दाखवतो." तिने हज्जार कारणं सांगितली आणि गेली. जयगडच्या रस्त्यावर सड्यावर एसटी थांबवून दोघं उतरली. चहूकडे सपाट काळा कातळ, त्याच्या खळग्यांत साचलेलं पावसाचं पाणी, मधेमधे बोटभर गवत आणि जांभळ्या फुलांचे गालिचे. माणसाचं नाव नाही.

"फुलं दाखवायला आणलंत?"

"ती सीतेची आसवं. तीसुद्धा खातात. जमिनीखाली, मुळापाशी बारीक पिशव्या असतात, पाण्यातले किडे ओढून घेतात. वरून फुलंच दिसतात." तो चवड्यांवर बसला. "हे बघ. इथे."

गवतात लाल, केसाळ, काडीसारखी झुडपं उभी होती. प्रत्येक केसावर थेंब. दवबिंदूच, पण बंगळूरहून कागदात गुंडाळून आलेलं नव्हे. हातभर जागेत पंधरा-वीस, आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत.

स्वप्नाने चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. "एवढं सगळं इथे फुकट उगवतंय," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे कॅन घेऊन बसत होतात?"

"मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं! तज्ज्ञ!" ती खाली बसली. एका झुडपाकडे तिचा हात गेला. "एक नेऊ या का घरी?"

"नको. घरात टिकत नाही हे. इथलंच आहे."

पुढे काही टोमणा मारायला ती वळणार, तेवढ्यात एक चिलट येऊन लाल पानावर बसलं. बसलं आणि अडकलं. पाय सोडवायला धडपडलं तसं आणखी रुतलं. पान इतक्या हळू वळत होतं की वळतंय हे सांगणं कठीण. राजेंद्रने माहिती द्यायला तोंड उघडलं.

"गप्प बसा जरा," स्वप्ना म्हणाली.

तिने दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकले आणि वाकून बघत राहिली. रस्त्यावरून रत्नागिरीची एसटी आली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, राजेंद्र अर्धवट उठला आणि परत बसला. स्वप्नाने मान वर केली नाही. एसटी निघून गेली.